अर्धा पॉट थोरल्याला, अर्धा धाकट्याला

भाचा मांडवी नदीतल्या एका कॅसिनोच्या जहाजावर कामाला आहे. गोव्याचाच असल्यामुळे तिथे तो पत्ते वाटू शकतो, खेळू शकत नाही. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे, नोकरी करायला नाही. त्यामुळे हाताची खाज भागवायला तो गणपतीच्या चवथीला घरी येतो. आरत्या संपल्या, घुमट वाजून भिंतीला लागले, नेवऱ्यांचा डबा मध्ये आला की दरवर्षी रमी किंवा तीनपत्ती ठरलेली. यंदा त्याने नवाच डाव काढला. हा पोकरचा एक प्रकार, त्याचे पूर्ण नाव सेव्हन कार्ड स्टड हाय-लो, एट ऑर बेटर. वहिनीने पहिल्याच फेरीत त्याचे बारसे केले: ‘आठाचा डाव’. पैसे नाहीत, चिंचोके.

तीनपत्ती येत असेल तर निम्मे काम झालेलेच असते. सगळ्यांनी बूट, म्हणजे सुरुवातीचे ठरलेले चिंचोके, मधे टाकायचा. प्रत्येकाला दोन पाने उपडी आणि एक उघडे. ज्याचे उघडे पान सर्वांत हलके, त्याने सक्तीची पहिली चाल द्यायची. मग तीन पाने एकेक करून उघडी येतात, सातवे पुन्हा उपडे. प्रत्येक पानानंतर चालींची फेरी, आणि पाचव्या पानापासून चाल दुप्पट. शेवटी आपल्या सात पानांतली पाच घेऊन एक भारी हात मांडायचा आणि त्याच सातांतली हवी ती पाच घेऊन एक हलका. पॉटचे, म्हणजे मधे जमलेल्या चिंचोक्यांचे, दोन वाटे होतात, एक सर्वांत भारी हाताला, दुसरा सर्वांत हलक्या हाताला. मात्र हलक्या हाताला अट आहे: पाचही पाने वेगवेगळी आणि अठ्ठी किंवा त्याखालची हवीत. एक्का दोन्हीकडे चालतो. अट कोणाचीच पुरी झाली नाही तर सगळा पॉट भारी हाताचा.

तिसऱ्या डावात माझ्यासमोर दुर्री, अठ्ठी, चव्वी आणि एक निरुपयोगी राजा उघडा होता. पोटात एक्का आणि तिर्री. म्हणजे आठ-चार-तीन-दोन-एक. वहिनीकडे दोन राजे उघडे, शिवाय दश्शांची जोड. भाच्याचा हात उघडला तर सात-सहा-पाच-चार-तीन. मी मनात बेरीज केली. माझी अठरा, त्याची पंचवीस. चिंचोक्यांकडे हात नेला.

“मामा, बेरीज नको. वरून वाच.”

वरून वाचायचे म्हणजे पाच आकडी संख्या वाचायची. माझी 84,321, त्याची 76,543. लहान संख्या त्याची, म्हणून हलका वाटा त्याचा. वर आणखी मीठ असे की तीन ते सात हा सरळ सिक्वेन्सही आहे. त्याने वहिनीच्या दोन जोड्या मारल्या आणि भारी वाटाही त्याच्याकडे गेला. एकाच हाताने दोन्ही वाटे नेले. सिक्वेन्स किंवा कलर झाल्याने हलका हात बिघडत नाही हा नियम मी त्या वेळी शिकलो आणि आता विसरणे शक्य नाही.

हा नियम असा का, हे शोधायला बसलो आणि लक्षात आले की या डावाचे दोन अर्धे दोन वेगळ्या घरांतून आलेले आहेत.

भारी अर्धा जुना. पोकर मिसिसिपी नदीवरच्या बोटींतून वर सरकला. जो कॉवेल नावाच्या इंग्रज नटाने 1829 साली न्यू ऑर्लीन्सकडे जाणाऱ्या आगबोटीवर तो पाहिला. त्या वेळी सुरुवातीचा पोकर वीसच पानांचा असे: एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी. चार खेळाडू, प्रत्येकाला पाच पाने, खेळ खलास. पुढे 52 पानांचा पूर्ण कॅट आला आणि पाने बदलून घेण्याची सोय झाली. तो ड्रॉ पोकर. त्यात सगळे हात झाकलेले, समोरच्याने किती पाने बदलली एवढेच कळते. अमेरिकेतल्या गृहयुद्धाच्या सुमारास, 1861 ते 1865 च्या आसपास, काही पाने उघडी वाटायची पद्धत रुळली, तो स्टड. आधी पाच पानांचा, मग विसाव्या शतकात सात पानांचा. टेक्सास होल्डेम या पोकरच्याच प्रकाराने सगळ्यांना झाकून टाकेपर्यंत अमेरिकेच्या पूर्वेकडे सात पानांचा स्टड हाच मुख्य पोकर होता.

हलका अर्धा मात्र बराचसा कॅलिफोर्नियाचा आहे, आणि तिथे त्याला वाढवला कायद्याने. 1885 मध्ये कॅलिफोर्नियाने ‘स्टड-हॉर्स पोकर’ हे नाव घालून तो खेळ बंदीच्या यादीत टाकला. ड्रॉ पोकरचे नाव त्यात नव्हते. झाले, शंभर वर्षे तिथल्या क्लबांत स्टड नाही आणि ड्रॉ भरपूर. गार्डेना या गावात 1930 च्या दशकापासून पत्त्यांचे क्लब उभे राहिले आणि त्यांत लोबॉल बहरला. लोबॉल म्हणजे उलटा पोकर, सर्वांत दरिद्री हात जिंकणार. आपल्याकडे तीनपत्तीत मुफलिस खेळतात, तसलाच. आता दरिद्री कोणाला म्हणायचे यावर अमेरिकेत तीन मते होती. एक म्हणे एक्का भारीच आणि सिक्वेन्स-कलर धरायचे, म्हणून उत्तम हलका हात सात-पाच-चार-तीन-दोन. दुसरे म्हणे एक्का हलका, पण सिक्वेन्स धरायचा, म्हणून सहा-चार-तीन-दोन-एक. कॅलिफोर्नियाचे मत सर्वांत उदार: एक्का हलका, सिक्वेन्स-कलर विसरा, एक ते पाच हाच राजा. आठाच्या डावाने हेच तिसरे मत उचलले. म्हणून एक-दोन-तीन-चार-पाच हा हात एकीकडे सर्वांत हलका आणि दुसरीकडे बऱ्यापैकी भारी. स्टडला ज्या राज्यात दार बंद होते, त्याच राज्याची व्याख्या स्टडच्या पोटात येऊन बसली आहे.

लहानाला मोठे मानायची ही उलटापालट आपल्याला परकी वाटू नये. गोव्याच्या सीमेवरची तेरेखोल नदी ओलांडून तासाभरात सावंतवाडी येते. तिथल्या दशावतारी गंजिफ्यात, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळात, दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण 120. राजा आणि प्रधान सगळीकडे वर. पण आकड्यांच्या पानांत अर्ध्या रंगांना दश्शी भारी आणि उरलेल्या अर्ध्यांना एक्का भारी, दश्शी तळाला. गंजिफा हिंदुस्थानात निदान सोळाव्या शतकापासून आहे. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफे पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आणि गंमत म्हणजे पोर्तुगीज खलाशी ज्या प्याले-नाणी-तलवारी-सोट्यांच्या पानांनी खेळत, त्या घराण्यातल्या कितीतरी जुन्या खेळांतही हीच रीत: तलवारी आणि सोट्यांत मोठा आकडा भारी, प्याले आणि नाण्यांत लहान. पोकरचा हाय-लो गंजिफ्यातून आला असे मला मुळीच म्हणायचे नाही, त्यांचे नाते नाही. पण तेरेखोलच्या दोन्ही काठांवर ही कल्पना किमान चारशे वर्षे माहीत होती, आणि माझा हात तरीही बेरजेकडे गेला.

आता आठाची अट. ही सर्वांत उशिरा आली आणि माझ्या मते सर्वांत हुशार आहे. सुरुवातीचा हाय-लो बिनअटीचा होता. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये 1977 साली डॉयल ब्रन्सन यांनी सात पानांच्या स्टडची जी वाटणीची स्पर्धा जिंकली, ती त्या काळातली. अट नसली की काय होते? कोणाचा तरी हात सर्वांत हलका असणारच, मग तो नव्वी-दश्शीचा का असेना. म्हणजे पॉट प्रत्येक वेळी फुटणार. हलकी पाने घेऊन बसणारा निम्मा वाटा जवळजवळ धरूनच चालतो, शिवाय त्याला सिक्वेन्स लागला तर दुसरा निम्मा फुकट. राजांची जोड घेऊन बसलेल्याला मात्र कितीही झगडला तरी अर्धाच मिळतो. जाणकार फक्त हलकी पाने खेळू लागले, बाकीची पॅक. असा खेळ कोण बघणार? 1980 च्या दशकात आठाची अट रुळली आणि भारी हाताला पुन्हा जीव आला, कारण अनेकदा कोणाचाच हलका हात लागत नाही. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत आठ आकडे. त्यांतून पाच निवडले तर हलके हात होतात फक्त 56. सर्वांत चांगला 54,321 आणि सर्वांत वाईट 87,654. एवढे डोक्यात ठेवले की पुरे.

आठ जण बसले आणि सगळे शेवटपर्यंत राहिले तर लागणारी पानेही 56 होतात, आणि कॅटात असतात 52. तेव्हा शेवटचे पान प्रत्येकाला न देता एकच मधोमध उघडे टाकतात, ते सगळ्यांचे. असे क्वचित घडते, कारण मधे कोणी ना कोणी पॅक करतोच.

जुन्या घरगुती डावांत आणखी एक नाट्य असे. शेवटी प्रत्येकाने मुठीत चिप लपवून आपण भारीसाठी लढतोय, हलक्यासाठी की दोन्हींसाठी ते एकदम जाहीर करायचे. दोन्ही म्हणून एक जरी हरला तर हात रिकामा. भांडणाला याहून चांगले निमंत्रण नाही, आणि वेळही खातो. क्लबांनी तो प्रकार काढून टाकला. आता पाने उघडी टाकली की पानेच बोलतात, माणसाने काही जाहीर करायचे नाही. भाच्याने मुठीचा प्रकार करून दाखवला, तेव्हा आमच्या घरातही लगेच वाद झालाच.

पहिली चाल कोणी द्यायची यात दोघांचे पान सारखे असेल तर रंग पाहतात: किलवर सर्वांत हलका, मग चौकट, बदाम, इस्पिक. हा इंग्रजी नावांचा अक्षरक्रम आहे. मला तो मराठीतच पाठ झाला, क, च, ब ओळीने येतात. इस्पिक तेवढा स्वर, त्याला उचलून शेवटी ठेवायचा. पॉट वाटताना मात्र रंगाला काही किंमत नाही.

गोव्यात हे सगळे शिकायचे कुठे, हाही कायद्याचाच इतिहास आहे. मूळ सार्वजनिक जुगार कायदा 1976 चा, गोवा, दमण आणि दीवसाठी. 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार आला, 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबले आली. म्हणून पणजीच्या समोर पाण्यात दिवे. जत्रेतल्या जुगाराच्या पटांवर पोलीस धाड घालतात आणि नदीत परवाना, याची चेष्टा आमच्याकडे जुनीच आहे. फोनवर पैसे लावून शिकायचा रस्ता 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद केला. कॅलिफोर्नियात कायद्याने नाव गाळलेला ड्रॉ वाढला. आमच्याकडे काय वाढेल ते बघायचे; सध्या गणपतीवरच्या माटोळीखाली चिंचोके वाढलेत.

शेवटच्या डावात पॉट सदतीस चिंचोक्यांचा झाला. हलका हात भाच्याचा, भारी वहिनीचा, तीन राण्या. अठरा-अठरा वाटून एक उरला. भाचा म्हणाला, उरलेली चिप नेहमी भारी हाताची. वहिनीने तो चिंचोका उचलला, नीट पाहिला आणि म्हणाली, “हा किडका आहे, बदलून दे.”