समुद्रसिंहांचा लेप्टो

लेप्टो, म्हणजे जनावरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूजन्य ताप, म्हटलं की आपल्याला आठवतो 26 जुलै 2005 चा पूर आणि त्यानंतर तापाने भरलेली मुंबईतली रुग्णालयं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हाच आजार समुद्रसिंहांना, म्हणजे सीलसारख्या ‘सी लायन’ या सागरी सस्तन प्राण्यांना होतो, आणि तोही बहुधा उन्हाळा सरता सरता.

आजारी जनावर लांबूनही ओळखू येतं. वाळूवर मलूल पडलेलं असतं, पुढचे दोन्ही पंख पोटावर घट्ट आवळून धरलेले. जवळ गोड्या पाण्याचं डबकं असेल तर तिथे जाऊन पाणी पितं. इथेच जाणकार सावध होतो, कारण निरोगी समुद्रसिंहाची तहान माशांतल्या पाण्यावर भागते. मूत्रपिंडं निकामी होऊ लागली की ही वेळ येते.

या किनाऱ्यावर साथ पहिल्यांदा नोंदली गेली 1970 मध्ये. तोवर लेप्टो म्हणजे उंदीर, गुरं, डुकरं आणि शेतात राबणारी माणसं असंच समीकरण होतं. समुद्रसिंहांत सापडणाऱ्या जिवाणूचा प्रकारही ‘पोमोना’, म्हणजे मूळचा गुराडुकरांतला. हे नाव ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या एका गावाचं. गोठ्यातला हा जिवाणू समुद्रसिंहांत कधी शिरला, यावर तर्क पुष्कळ झाले.

1975 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ ‘मरीन मॅमल सेंटर’ उभं राहिलं आणि किनाऱ्यावर लागलेल्या आजारी जनावरांची वर्षानुवर्षांची नोंद हाती येऊ लागली. तिच्यातून दिसलं, की मोठी साथ साधारण तीन ते पाच वर्षांनी उसळते आणि तिच्यात तरणे नर जास्त सापडतात. लघवीतून जिवाणू बाहेर पडतो. खाऱ्या पाण्यात तो फार टिकत नाही, त्यामुळे लागण होण्याची खरी जागा समुद्र नव्हे, तर एकमेकांवर रेलून पडायचे खडक आणि धक्के. काही जनावरं तर धडधाकट दिसत असूनही जिवाणू बाहेर टाकत असतात. उपचार प्रतिजैविकांचाच, पण मूत्रपिंडं गेलेली असली तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. केंद्रात आणलेली बरीच जनावरं दगावतात.

मला या इतिहासातलं सगळ्यात चक्रावणारं पान वाटतं ते 2013 चं. त्या वर्षाच्या मध्यापासून हा जिवाणू समुद्रसिंहांत सापडेनासाच झाला. सलग चार वर्षं. दरम्यान, त्याच्याशी कधी गाठच न पडलेली पिल्लं मोठी होत गेली. 2017 मध्ये तो परतला, आणि 2018 मध्ये मोठी साथ आली.