पहिलं दान तुमचं, पुढची कॅसिनोची

दोन फासे टाकले की बेरीज २ ते १२ यांपैकी काहीतरी येणार, म्हणजे अकराही बेरजांची शक्यता सारखीच, असं पुष्कळांना वाटतं. यात लाजायचं कारण नाही. कलनशास्त्राचा एक जनक लायब्निट्झसुद्धा ११ आणि १२ सारख्याच वेळा पडतील असं समजून बसला होता. एक फासा लाल, एक निळा घेऊन बघा. बारा फक्त ६-६ ने होतात. अकरा मात्र लाल ५-निळा ६ आणि लाल ६-निळा ५ अशा दोन दानांनी. एकूण दानं ३६, त्यांत सातची सगळ्यांत जास्त, म्हणजे सहा.

क्रॅप्स हा अमेरिकी कॅसिनोंतला खेळ या सातावर उभा आहे. त्यातली मुख्य पैज ‘पास लाइन’. पहिल्या दानाला ७ किंवा ११ आले तर जिंकलात. २, ३ किंवा १२ आले तर हरलात. दुसरं काही आलं तर तो आकडा ‘पॉइंट’. मग फासे टाकत राहायचं: पॉइंट आधी आला तर जीत, सात आधी आले तर हार. जिंकल्यावर लावले तेवढेच वर मिळतात.

हे कितीही लांबू शकतं, म्हणून अनंत श्रेणी मांडायचा मोह होतो. मांडू नका. पॉइंट ४ असेल तर ४ आणि ७ सोडून कुठलंच दान काही ठरवत नाही. ती सगळी खोडून टाका. उरली चारची तीन दानं आणि सातची सहा. जिंकण्याची शक्यता नवांत तीन, झालं! तसंच ५ किंवा ९ ला दहांत चार, ६ किंवा ८ ला अकरांत पाच.

आता १९८० डाव खेळू (हा आकडा अपूर्णांक टाळण्यासाठी). पहिल्याच दानात ४४० जिंकाल, २२० हराल. चक्क दुप्पट! उरलेल्या १३२० डावांत पॉइंट ठरेल: ४ व १० चे ३३०, त्यांत जीत ११०, ५ व ९ चे ४४०, जीत १७६, ६ व ८ चे ५५०, जीत २५०. एकूण ९७६ जिंकलात, १००४ हरलात. फरक २८ डावांचा, म्हणजे १.४१ टक्के. कॅसिनो सगळी कमाई पॉइंटनंतर करतो. म्हणूनच पॉइंट ठरल्यावर पास लाइनवरची पैज उचलता येत नाही. उलट बाजूची ‘डोन्ट पास’ खुशाल काढून घ्या, कुणी अडवत नाही. नियम लिहिणाऱ्याला गणित येत होतं.

खेळणाऱ्यांचं लक्ष भलतीकडे असतं. टेबलापाशी ‘सात’ हा शब्द उच्चारायचा नाही, असा त्यांच्यात दंडक आहे. फाशाला कान नसतात. पण पुढच्याच दानाला सात येतील या ‘एनी सेव्हन’ पैजेवर एकास चार मिळतात, खरा भाव एकास पाच हवा, आणि त्यात १६.६७ टक्के जातात, याची भीती फारशी कुणाला वाटत नाही.

एकच पैज खऱ्या भावाने फेडली जाते: पॉइंटनंतर पास लाइनच्या मागे लावायची ‘ऑड्स’. चार-दहाला एकास दोन, पाच-नऊला दोनास तीन, सहा-आठला पाचास सहा. कॅसिनोचा वाटा शून्य. अर्थात आधी पास लाइनवर पैसे अडकलेले असले तरच ती लावता येते, आणि टेबलावर तिच्यासाठी छापलेली जागा नसते.