बिग डेटाच्या आधी तुमची आयटम लिस्ट दाखवा

"पाच-सहा वर्षांचा डेटा पडून आहे, त्याचं ॲनालिटिक्स करून द्या." बेळगावच्या रविवार पेठेतल्या होलसेल दुकानांपासून उद्यमबागच्या फाउंड्रीपर्यंत मागणी साधारण अशीच येते. रंगीत डॅशबोर्ड आम्ही चार दिवसांत करून देतो. पण त्याआधी आयटम लिस्ट (सॉफ्टवेअरमधली मालाच्या नावांची यादी) का मागतो आणि ती साफ करायचे वेगळे पैसे का घेतो, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून हे पत्रक.

आधी डेटा किती मोठा आहे ते बघा. दिवसाला ३०० बिलं, प्रत्येकात ५ ओळी, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४ लाख ५० हजार ओळी होतात. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, म्हणजे चांगल्या चालत्या दुकानाची दोन वर्षं एकाच शीटमध्ये बसतात. मशीनवर दर सेकंदाला रीडिंग देणारे दहा सेन्सर असतील तर दिवसाला ८,६४,००० नोंदी होतात. तिथे वेगळी यंत्रणा लागते आणि तीही आम्ही बसवतो. हार्डवेअर, कापड, किराणावाल्यांनी मात्र क्लाउडचं महिन्याचं भाडं कशाला भरायचं?

खरा घोळ नावांचा असतो. खरेदीची एंट्री सप्लायरच्या बिलावरच्या नावाने होते, "एम.एस. (माइल्ड स्टील) अँगल ४०×४०×५". काउंटरवरचा पोरगा विक्री करतो "लोखंडी अँगल ४०" या नावाने. पहिल्या नावाखाली माल साचत जातो, दुसऱ्याचा स्टॉक मायनसमध्ये जातो. सॉफ्टवेअर पहिल्याला डेड स्टॉक (न खपणारा माल) ठरवतं आणि दुसरा ताबडतोब मागवा म्हणतं. गोडाऊनमध्ये पडलेलाच माल तुम्ही पुन्हा मागवता. त्यात खरेदी किलोवर आणि विक्री नगावर असली की विचारूच नका. हाच अँगल मीटरला सुमारे ३ किलो भरतो, ६ मीटरची लेंथ १८ किलोची. हे गणित आयटम मास्टरमध्ये (आयटमची मूळ माहिती भरायच्या पानावर) पर्यायी युनिट म्हणून एकदाच भरायचं असतं, बहुतेक ठिकाणी ते भरलेलंच नसतं.

हे घरीच तपासता येतं. टॅलीतून (हिशेबाचं सॉफ्टवेअर) स्टॉक समरी, म्हणजे शिल्लक मालाचा रिपोर्ट, एक्सेलमध्ये काढा आणि आधी मायनस आयटम वेगळे करा. मग यादी नावाने लावू नका, एचएसएन कोडने (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराला दिलेला नंबर) लावा. (अँगलचा कोड ७२१६ पासून सुरू होतो.) जुळी नावं एकाच कोडखाली येतात. जुना आयटम डिलीट करायला जाऊ नका. एक नाव पक्कं करा, बाकीच्या आयटमांच्या नावापुढे "जुना" लावून ती नावं मोकळी करा, मग ती पक्क्या नावाला अलायस (दुसरं नाव) म्हणून द्या आणि नवीन आयटम उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा.

पार्टीचंही तेच. आपल्याकडे एकच गाव बेळगाव, बेळगावी, बेलगाम असं तीन तऱ्हेने लिहिलेलं सापडतं. निपाणीत आणि कागलला दुकान असलेल्या पार्टीचे जीएसटी नंबर दोन असतात, एक २९ ने (कर्नाटक) सुरू होणारा, दुसरा २७ ने (महाराष्ट्र). तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं मात्र सारखी, कारण तो पॅन आहे. पॅनवर जुळवलं की ९० दिवसांवरची एकूण उधारी एका ओळीत दिसते. आमच्या मते पैसे वसूल करून देणारा पहिला रिपोर्ट हाच.

एआयच्या भाकितांबद्दल आम्ही जरा हात आखडता घेतो. गणेश चतुर्थी २०२४ साली ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. सप्टेंबरची सप्टेंबरशी तुलना केली तर धंदा बसल्यासारखा दिसेल. आम्ही सणाच्या आधीचे २१ दिवस एकमेकांशी लावतो. दोन वर्षांच्या डेटात गणपती दोनदाच येतात, तेवढ्यावर मशीन काय शिकणार?

फाउंड्रीवाल्यांनी रिजेक्शनचा (खराब निघालेल्या कास्टिंगचा) नुसता एकूण आकडा आणू नये. हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा नंबर), पॅटर्न (साच्याचा नमुना), शिफ्ट आणि कारण (ब्लो होल म्हणजे वायूने पडलेलं भोक, मिसरन म्हणजे साचा पूर्ण न भरणं, वाळू पडणे) असे चार कॉलम तीन महिने भरा, मग या.

येताना टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर आणा, पीडीएफ नको. आयटम लिस्टची पहिली तपासणी आम्ही फुकट करतो. जुळी नावं किती निघाली ते बघून साफसफाईचा दर आधीच लिहून देतो. यादी तुम्ही स्वतः साफ करून आणलीत तर तो खर्च लागतच नाही.