चौक, तिठे आणि बंद गल्ल्या

शहर पसरलं की अंतरं वाढणारच, असं आपण गृहीत धरतो. पण रस्ते एकमेकांना कसे जोडलेत, यावरही अंतर ठरतं. दोन घरांची मागची भिंत एकच असते, हाक मारली तर ऐकू येते. तरी या दारातून त्या दारात जायला आधी वसाहतीच्या तोंडापर्यंत, मग हमरस्त्याने, मग पुढच्या वसाहतीत आत. एवढ्यासाठी गाडी काढावी लागते.

चौकटीच्या कागदावर चार ओळींत चार-चार असे 16 ठिपके काढा. शेजारशेजारचे सगळे जोडले तर 24 रेघा होतात आणि एका कोपऱ्यातून तिरक्या समोरच्या कोपऱ्यात जायला सारख्याच लांबीच्या 20 वाटा मिळतात. आता रेघा खोडत चला, फक्त एकही ठिपका तुटू देऊ नका. 15 रेघा पुरतात. नऊ रस्त्यांचा खर्च वाचला! पण कुठल्याही दोन ठिपक्यांमध्ये आता एकच वाट उरली. एक रेघ खोदकामासाठी बंद झाली की शहराचे दोन तुकडे. गणितात या जाळ्याला ‘वृक्ष’ म्हणतात. दर ठिपक्याला सरासरी किती रेघा येतात? आधी 3, आता 1.875. संशोधक शहरांची जोडणी अशीच मोजतात: चौकाला 4, तिठ्याला 3, बंद गल्लीच्या टोकाला 1.

मॅनहॅटनमध्ये 1811 साली आधी चौकटी आखल्या, घरं नंतर आली. न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये 1929 साली मुलांच्या सुरक्षिततेसाठी बंद गल्ल्या केल्या, पण सोबत स्वतंत्र पायवाटाही होत्या. पुढे अनेक ठिकाणी गल्ल्या उचलल्या गेल्या, पायवाटा राहून गेल्या. शहर वाढताना प्रत्येक नवी वसाहत एकाच तोंडाने हमरस्त्याला लटकते आणि सगळ्यांचा भार त्याच खोडावर येतो. तिथे ‘स्मार्ट’ सिग्नल बसवून काय होणार? नसलेली वाट तो देऊ शकत नाही.

अमेरिकेत नव्या रस्त्यांची जोडणी साधारण 1994 पर्यंत घसरत गेली, मग सुधारू लागली, असं बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं. जुने रस्ते मात्र चिवट असतात. 1666 च्या आगीत लंडनची हजारो घरं जळाली, तरी नवी घरं बहुतांशी जुन्याच रस्त्यांवर उभी राहिली, कारण जमिनींच्या हद्दी तशाच होत्या.

आपल्या जाळ्यात सोळावी रेघ घाला. लगेच एक वेढा तयार होतो आणि त्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला दुसरी वाट मिळते. त्या सामाईक भिंतीत माणूस जाईल एवढं फाटक उघडलं, तरी ती रेघ पडते.