बेरिंगर लाजेने मेला नाही

जर्मनीतल्या वुर्ट्झबर्ग शहराचे वैद्य आणि प्राध्यापक योहान बेरिंगर यांची गोष्ट सगळीकडे अशी सांगतात: विद्यार्थ्यांनी थट्टा म्हणून खोटे जीवाश्म पुरले, ते खरे मानून त्यांनी ग्रंथ लिहिला, मग एका दगडावर स्वतःचंच नाव दिसलं आणि ते अपमानाने खचून मेले. यातला ग्रंथ तेवढा खरा. तो 1726 मध्ये छापला गेला. बेडूक, कोळी, सूर्य-चंद्र, अगदी हिब्रू अक्षरं कोरलेले ते दगड बेरिंगर यांनी अस्सल मानले, हेही खरंच.

पण कट विद्यार्थ्यांचा नव्हता. बेरिंगर यांनी स्वतः चौकशीची मागणी केली. 1726 मधल्या त्या जबान्यांची कागदपत्रं पुढे विसाव्या शतकात प्रसिद्ध झाली. त्यात दोन सहकाऱ्यांची नावं येतात: प्राध्यापक रोडरिक आणि ग्रंथपाल एकहार्ट. बेरिंगर फार गर्विष्ठ आहेत, हा त्यांचा राग. म्हणजे हा सरळसरळ आकसाने रचलेला डाव होता, आणि त्याला पोरखेळ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

रोडरिक यांना शहर सोडावं लागलं. बेरिंगर मात्र त्यानंतरही दशकभराहून अधिक काळ जगले आणि लिहीत राहिले.