साठा कुणाच्या दारात?

पुरवठादाराकडून येणाऱ्या मालात वाया काय जातं, हे शोधायला निघालं की नजर आधी गोदामाकडे वळते. भरलेले रॅक दिसतात, त्यांत अडकलेला पैसा दिसतो, आणि साठा कमी करणं म्हणजेच ‘लीन’ (वाया जाणारं काढून टाकत काम करण्याची पद्धत) अशी समजूत होऊन बसते. ही समजूत कुठून आली हे कळायचं तर जपानमधल्या टोयोटा या मोटार कंपनीचा १९६० नंतरचा व्यवहार पाहावा लागतो. त्याआधीचं थोडक्यात सांगायचं तर, बाहेरच्या पुरवठादाराला आपल्याच कारखान्याची शाखा समजावं असं त्या कंपनीच्या खरेदीच्या नियमांत १९३९ मध्येच लिहिलं गेलं होतं. पुढे १९५० च्या आर्थिक संकटात न विकलेला माल किती महागात पडतो हेही तिला कळलं.

कानबान कार्ड, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल मागवणारी चिठ्ठी, आधी कारखान्याच्या आत फिरत होतं. १९६० च्या दशकाच्या मध्यास ते पुरवठादारांपर्यंत गेलं. या कार्डावर पार्ट नंबर, एका पेटीत किती नग आणि माल कुठे उतरवायचा एवढी माहिती असे. त्याशिवाय १-६-२ असे आकडे असत. अर्थ असा, की एका दिवसात सहा खेपा, आणि ज्या खेपेला कार्ड हाती पडलं तिच्यानंतरच्या दुसऱ्या खेपेला माल पोचलाच पाहिजे. म्हणजे हातात उरले काही तास. तेवढ्यात कच्चा माल मागवून पार्ट तयार करणं कुणालाही शक्य नाही. तरी ते जमत होतं, कारण पुढच्या महिन्यांचा अंदाज पुरवठादाराला आधीच दिलेला असे, आणि असेंब्ली लाइनवर वेगवेगळी मॉडेल्स दिवसभर एकाआड एक काढून मागणी सपाट केलेली असे. अंदाज आणि प्रत्यक्ष गरज यांतला कार्डाने सांभाळायचा फरक साधारण दहा टक्क्यांच्या आसपासचा. ‘कार्ड येईल तेव्हा माल द्या’ एवढंच उचलणाऱ्यांच्या हाती या पद्धतीचं फक्त शेवटचं टोक लागलं.

खरा गुंता शब्दांचा आहे. जपानीत मुदा, मुरा आणि मुरी असे तीन शब्द एकत्र येतात. मुदा म्हणजे वाया जाणारं, मुरा म्हणजे चढउतार, मुरी म्हणजे झेपणार नाही इतका भार. जगभर गाजला तो एकटा मुदा. त्याचे सात प्रकार ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतले जातात, बाकीचे दोन शब्द स्लाइडच्या कोपऱ्यात राहतात. पुरवठादाराच्या बाबतीत हे फार नुकसानीचं ठरलं. समजा महिन्याला ४०० नग लागतात, आणि खरेदीदार पहिले तीन आठवडे ४०-४० उचलून शेवटच्या आठवड्यात २८० मागतो. पुरवठादार शहाणपणाने आठवड्याला १०० बनवत राहिला, तर तिसऱ्या आठवड्याअखेर त्याच्याकडे १८० नग पडून दिसतात. नेमकं तेव्हा ऑडिट झालं की शेऱ्यात येतं, ‘जादा साठा’. मुदा पुरवठादाराच्या खात्यावर पडतो. तो ज्या मुराने जन्माला आला, तो खरेदीदाराच्या ऑर्डरमध्ये असतो, आणि ऑर्डरचं ऑडिट करायला कुणी जात नाही. साठा न ठेवता तो चौथ्या आठवड्यातच सगळं बनवायला बसला, तर ओव्हरटाइम, घाईतलं रिजेक्शन आणि दमलेली माणसं. तो झाला मुरी. या क्रमाने पाहिलं तर सुरुवात कुणाच्या दारातून करायला हवी, याबद्दल मला तरी शंका वाटत नाही.

‘लीन’ हे नाव या सगळ्याला जपानमध्ये मिळालंच नाही. मोटार कारखान्यांची तुलना करणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासातून ते १९८८ मध्ये छापून आलं आणि १९९० नंतर सगळीकडे पसरलं. पसरताना खरेदी खात्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं घेतलं. दरवर्षी ठरावीक टक्के भाव कमी करण्याची मागणी त्यातच आली. कारखान्याशेजारी गोदाम घेऊन तिथला माल लाइनवर जाईपर्यंत पुरवठादाराच्याच मालकीचा ठेवण्याचा निर्णयही त्यातलाच, आणि त्यावरचा वाद अजून संपलेला नाही. रोजचा खप पुरवठादाराला थेट दिसतो, असं या निर्णयाच्या बाजूने सांगतात. आकडे खरंच दाखवले जातात तिथे हे खरंही आहे. पण खरेदीदाराच्या ताळेबंदातले साठ्याचे दिवस कमी झाले म्हणून साखळीतला साठा कमी झाला असं होत नाही. त्याचा धनी तेवढा बदलतो, आणि बरेचदा तो चढ्या व्याजाने पैसा उचलणारा असतो.

जपानमध्ये छोट्या पुरवठादारांचे पैसे देण्यात उशीर करायचा नाही, असा कायदा १९५६ मध्येच झाला होता. पुरवठादारांपर्यंत कार्ड पोचलं ते त्यानंतर. लीनचा इतिहास सांगताना हा कायदा गाळला जातो, याचं मला वाईट वाटतं.

१ फेब्रुवारी १९९७ ला जपानमधल्या कारिया शहरातल्या, टोयोटाच्या एका पुरवठादाराचा कारखाना जळाला. ब्रेकमधला मुठीत मावेल एवढा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा, आणि शिल्लक साठा अगदी थोडा. टोयोटाच्या लाइन थांबल्या. मग इतर पुरवठादारांनी ड्रॉइंग वाटून घेतली. शिलाई मशिनं बनवणारी एक कंपनीसुद्धा व्हॉल्व्ह घडवायला बसली, आणि साधारण आठवड्याभरात उत्पादन पूर्वपदावर आलं. इतक्या वर्षांच्या नात्याशिवाय हे घडलं नसतं. २०११ च्या भूकंपानंतर मात्र त्याच मोटार कंपनीने पुरवठादारांना चिप्सचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. २०२१ च्या टंचाईत सुरुवातीचे काही महिने तिला त्याचा उपयोग झाला.

जुलै २०२४ मध्ये जपानच्या स्पर्धा नियामकाने मोटार उद्योगातल्या एका कंपनीवर ठपका ठेवला. काम संपलेले ६६४ साचे तिने ४९ पुरवठादारांच्या शेडमध्ये एक पैसाही भाडं न देता ठेवून घेतले होते. त्याआधी मार्चमध्ये, ३६ पुरवठादारांचे सुमारे तीन अब्ज येन परस्पर कापल्याबद्दल दुसऱ्या एका मोटार कंपनीला बजावलं गेलं. १९५६ चा तो कायदा जानेवारी २०२६ पासून नव्या नावाने लागू झाला आहे, आणि पुरवठादाराला रकमेऐवजी पुढच्या तारखेची वचनचिठ्ठी देण्यावर त्यात बंदी आहे.