सान्सुइ-गा

डोंगर आणि पाणी यांचे पारंपरिक जपानी चित्रण. त्याची गाजलेली शाखा शाईची असून तिला सुइबोकु म्हणतात. चिनी चित्रांचे हे वळण झेन मठांमार्फत जपानात आले आणि क्योतोच्या शोकोकु-जी मठात जोसेत्सु व शूबुन या भिक्षू-चित्रकारांच्या हाती रुजले. त्याच मठातला चित्रकार सेश्शू (१४२०–१५०६) १४६७ ते १४६९ चीनमध्ये राहून आला. १४८६ मधला त्याचा चार ऋतूंचा पट सुमारे १६ मीटर लांब आहे.

सुमी ही या चित्रांची शाई, काजळी व जनावरी सरस यांची कांडी. पाइनच्या काजळीची शाई निळसर, तेलाच्या काजळीची तपकिरी. दगडी दौतीत थेंब थेंब पाणी घालून ही कांडी सहाणेवर गंध उगाळावे तशी हलक्या हाताने उगाळतात. जोर दिला तर कण भरड निघतात. शिळ्या शाईतला सरस बिघडतो आणि काजळी पाण्याबरोबर न पसरता गुठळून बसते. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून ओली छटा हवी त्याहून गडद ठेवावी लागते.

डोंगराची बाह्यरेषा आधी, मग 'शुन' म्हणजे खडकाचा पोत दाखवणारे फटकारे. कातळाला कुऱ्हाडीच्या घावांसारखे, मातीच्या उतारांना लांब धाग्यांसारखे. दोन्हींची सरमिसळ झाली की डोंगराचा दगड कळेनासा होतो. त्यावर फिकी शाई, आणि झाडोऱ्याचे ठिपके अगदी शेवटी. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा कुंचला फिरवला की छटा गढूळ होते. तुरटी-सरसाचा हात न दिलेल्या कागदावर तर चूक पुसताच येत नाही.

धुके मात्र रंगवायचे नसते, तो कोरा कागदच. नवखे लोक डोंगराची रेषा थेट पायथ्यापर्यंत ओढतात आणि धुक्याला जागाच उरत नाही. सेश्शूच्या हिवाळी चित्रात मधोमध कड्याची एक जाड, वेडीवाकडी रेष उभी चढते आणि वर कोऱ्या जागेत तुटते. चित्राची खोली तिच्यावरच तोलली आहे. १४९५ च्या त्याच्या 'हाबोकु' चित्रात बाह्यरेषा जवळपास नाहीतच. ओल्या फिक्या डागांवर मोजके काळे फटकारे, आणि त्यांतूनच झाडी, छप्पर, होडी.

बहुतेक डोंगर कल्पनेतले, चिनी नमुन्यांवर बेतलेले. प्रत्यक्ष पाहिलेल्या जागा क्वचित, जसे सेश्शूचे 'आमानोहाशिदाते'. एदो काळातला चित्रकार ईके नो ताइगा (१७२३–१७७६) मात्र फुजी, तातेयामा आणि हाकुसान हे तिन्ही पर्वत चढला होता.